एक खोली, कडी आतून

"असू दे रे. मी लिहून ठेवत नाही, पाठ करते."

एवढं म्हणून आत्या हसायच्या, खांद्यावरचा पदर सारखा करायच्या आणि विषय बदलायच्या. समोरच्याला वाटे, चला, सुटलो. त्यांच्या तावडीतून सुटलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत माझ्या तरी पाहण्यात नाही.

आत्या आमच्या शेजारच्या. भावांची मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून हळूहळू सगळी आळीच म्हणायला लागली. लग्न केलेलं नव्हतं. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं. तिघे भाऊ मुंबईला गेले, तेव्हा चिऱ्याच्या त्या घरात आई, वडील आणि ह्या उरल्या. पुढे नुसत्या ह्या.

एकदा आळीत येणाऱ्या मासेवालीने त्यांना शिळे बांगडे दिले. आत्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज तिची पाटी उतरवून घ्यायच्या, एकेक बांगडा उचलून कल्ले उघडायच्या, वास घ्यायच्या आणि जागच्या जागी ठेवून म्हणायच्या, "आज नको गो." असं वर्षभर. शेवटी ती बाई रडकुंडीला आली. म्हणाली, "बाय, दोन शिव्या दे हव्या तर, पण पाटी उतरवू नको." तेव्हा कुठे थांबल्या. बांगडा हा आत्यांचा जीव की प्राण. ते वर्षभर त्यांनीही खाल्ला नव्हता.

माझ्यावरही त्यांचं प्रेम होतं, तरी कुंडीच्या प्रकरणातून मी सुटलो नाही. स्कूटर मागे घेताना मी त्यांची अबोलीची कुंडी फोडली. "असू दे," म्हणाल्या. मीही असू दिलं. चार वर्षांनी आळीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. दुसरा उमेदवार नव्हता, कारण ते काम कुणालाच नको होतं. "कुणाचा विरोध?" असं नुसतं रीत म्हणून विचारलं, तर मागून एक हात वर.

"कारण काय आत्या?"

"कुंडी."

अध्यक्ष झालो, पण एकमताने नाही. अजून लोक ते विसरत नाहीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना खुनशी म्हणून आपण मोकळे होतो. मीही झालो होतो. मग एका गणपतीत आरतीला त्यांच्या घरी होतो आणि जेवणं उरकल्यावर पथाऱ्या पडताना पाहिल्या.

गणपतीला तिन्ही भाऊ बायकामुलांसकट यायचे. कुणी कुठे झोपायचं हे ठरवणं थोरल्या वहिनींकडे. त्या माजघराच्या दारात उभ्या राहून बोटाने दाखवत. दादा खाटेवर. मुलं ओळीने इथे. नवी सून आतल्या खोलीत. ही आतली खोली म्हणजे आत्यांची, वर्षभर त्या झोपत ती. सगळ्यांची सोय लागली की वहिनी आत्यांकडे वळायच्या. "आणि तुझं काय, तू कुठेही झोपशील."

आत्या स्वयंपाकघरात, नारळांचा ढीग आणि गॅसचं सिलिंडर ह्यांच्या मधे सतरंजी टाकायच्या. स्वतःच्याच घरात.

आता माझ्याबद्दल. माझं बसस्टँडजवळ सहलींचं ऑफिस आहे. ऑफिस हा शब्द माझा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि बर्फाच्या डोंगरांचं एक पोस्टर, ज्याकडे बघून कुणी आजवर डोंगरात गेलेलं नाही. थोरले दादा दर गणपतीला मला चारचौघांत विचारायचे, "काय रे, चालते ना टपरी?" मी हसायचो. मीही थोडं पाठ करायला शिकलो होतो.

गेल्या वर्षी दादांना पंचाहत्तरावं लागणार होतं. नातवंडांनी हट्ट धरला की वाढदिवस त्या मोठ्या पार्कात करायचा. घाटावर आहे ते. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि राहायला रिसॉर्ट. मुलं बिझी, सुना बिझी, तेव्हा दादांनी बहिणीला फोन केला. "तुझ्या शेजारी तो टपरीवाला आहे ना, त्याच्याकडून बुकिंग करून घे. एकवीस माणसं. खोल्यांचं काय ते तूच बघ. वहिनी म्हणते, तुझं काही नाही, तू कुठेही झोपशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर आत्या पायरीवर बसलेल्या. काखेत छत्री, डोळ्यांत चमक.

"दाखव बघू तुझ्या त्या डब्यात काय काय आहे."

मी रिसॉर्टचा नकाशा उघडला. तीन भाग होते. एक जहाजाचा, तिथल्या खोल्यांना गोल खिडक्या आणि एकावर एक पलंग. दुसरा जंगलाचा, म्हणजे तंबू, आणि तासातासाला स्पीकरवरून वाघाची डरकाळी. तिसरा साधा, जेवणघराला लागून. शिवाय टेकडीवर एकच सुटी खोली, एका माणसापुरती. ती कुणी घेत नाही. पार्कात एकटं कोण जातं?

"आणि हे निळं काय?"

"समुद्र आहे आत्या. मशीनने लाटा सोडतात. आधी भोंगा वाजतो."

"आणि आपल्या मांडवीच्या समुद्राला काय झालंय मेल्या?"

आठवडाभर त्या रोज येत होत्या. ह्या खोलीला पायऱ्या किती? लाटांचं यंत्र कुठल्या भिंतीमागे? भटारखान्याचा धूर कुठून बाहेर पडतो? संडास किती लांब? मी विरघळलो. घरी बायकोला म्हटलं, "बघ, किती काळजी त्या माणसांची! आणि आपण खुनशी म्हणतो." बायको म्हणाली, "तुम्हाला माणसं कळत नाहीत हे मी लग्नानंतर चौथ्या दिवशी ओळखलं."

आठव्या दिवशी आत्यांनी निकाल सांगितला.

"दादा-वहिनीला जहाजात दे. सगळ्यात वरच्या मजल्यावर."

"आत्या, तिथे एकावर एक पलंग आहेत. गुडघे दुखतात दोघांचे. लिफ्ट नाही. आणि खाली यंत्र."

"तेच ते. मधल्याला वाघाशेजारी. आई हाका मारायची तेव्हा सुट्टीला आलेला हा उशाशी असून उठायचा नाही. ऐकूच आलं नाही म्हणायचा. आता बघू ऐकू येतं का."

"आणि धाकटे?"

"भटारखान्यासमोर. ताट उचलायला जवळ पडेल. जन्मात उचललेलं नाही."

मी कॉम्प्युटरवरचा हात मागे घेतला. अनुभवी व्यावसायिक म्हणून मी त्यांना चार शब्द समजुतीचे सांगायला हवे होते. पण मला 'टपरी' आठवली. मी तिन्ही खोल्या भरून टाकल्या. खोटं कशाला बोलू, धापा टाकत वर चढणारे दादा डोळ्यांपुढे आले आणि मला फार बरं वाटलं.

"आणि तुम्ही?"

आत्या पहिल्यांदाच जरा अडखळल्या. "ती टेकडीवरची. तिला कडी आहे का बघ."

"कडी? असणारच की."

"असणारच नको. फोन करून विचार. आतून लागते का?"

मी फोन लावला. पलीकडचा मुलगा गोंधळला, पण बघून आला. आतून लागते म्हणाला. तेव्हा आत्यांनी मला सांगितलं. आई आजारी पडली, एकदा आतून कडी लावलेल्या खोलीत चक्कर येऊन पडली. वडिलांनी सुतार बोलावून घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. मग अकरा वर्षं आजारपणं काढली, आधी आईचं, नंतर वडिलांचं. कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवं म्हणून ह्यांचं दार सदा उघडं.

"पण आता तर तुम्ही एकट्याच आहात. बसवून घ्या की कडी. मी उद्या माणूस पाठवतो."

आत्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बायकोचं माझ्याविषयीचं मत मला पटलं.

"एकटीनं कुणासाठी लावू रे कडी? कडीला पलीकडे माणसं लागतात. वीसच्या वीस बाहेर पाहिजेत, आणि मी आत. दार वाजवू देत. तीन दिवस." मग म्हणाल्या, "ह्या खोलीचं मी भरते. पावती माझ्या नावाची कर. पूर्ण नावाची."

पूर्ण नाव लिहिताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी पावती वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

नंतर त्या दिवस मोजत होत्या. येताजाता मला कुंपणावरून विचारायच्या, "वाघ रात्रीचाही ओरडतो ना रे?"

सहल मेच्या शेवटी होती. आत्या एप्रिलमध्ये गेल्या. सकाळी माझी बायको दूध द्यायला गेली तर दार उघडंच होतं. खाटेवर कुशीवर झोपल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

भाऊ आले. सगळं रीतसर झालं. रडलेही, खोटं नाही म्हणत. तेराव्याला मी जेवायला होतो. पंगत उठल्यावर थोरल्या वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, सहल काही रद्द करत नाही आम्ही. पोरं हिरमुसतील. आणि तिलाही आवडलं नसतं."

मी मान हलवली. तिला काय आवडलं असतं ह्याची मला चांगलीच कल्पना होती.

"तिची ती टेकडीवरची खोली आता रिकामीच ना? ती आम्हाला द्या. आमच्या खोलीत म्हणे एकावर एक पलंग आहेत. कुणी ठरवलं काय माहीत! खाली एक जादा गादी टाकून घेऊ तिथे, दोघं मावू."

घरात मागे पथाऱ्यांची तयारी चालली होती. आतल्या खोलीत कुणीतरी बॅगा ठेवल्या होत्या.

"नाही जमणार वहिनी."

"का?"

"बुकिंग त्यांच्या नावाचं आहे. नाव बदलायला त्यांची लेखी संमती लागते."

दादा पानाचा विडा हातात घेऊन आले. "अरे, ती गेली!"

"हो ना दादा. तीच तर अडचण आहे."

"मग रद्द कर."

"तेही त्यांनीच करायला हवं."

"हा कुठला नियम?"

"नवीन आहे."

नियम कुठला, एक फोन पुरला असता. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी आयुष्यभर नियम वाकवत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा एक नवाकोरा घडवला. दादा म्हणाले, "टपरीच शेवटी." मी हसलो. ह्या खेपेला मनापासून.

मेमध्ये बस भरून वीस माणसं निघाली. मोठा ग्रुप असला की मी सोबत जातो. रिसॉर्टच्या काउंटरवर सगळ्यांना चाव्या वाटल्या. टेकडीवरची मी खिशात टाकली. पाहुण्या नंतर येणार आहेत, असं सांगितलं.

पहिल्याच सकाळी मधले भाऊ लाल डोळ्यांनी चहाला आले. धाकट्यांच्या कपड्यांना फोडणीचा वास. दादांना वरच्या पलंगावर चढता येईना, म्हणून वहिनी चढल्या होत्या आणि सकाळी उतरता येईना म्हणून दोन नातवांनी त्यांना उतरवलं होतं. सगळं आत्यांनी ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मी दोन वडे जास्त खाल्ले. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

दुपारी जेवणं झाली, भोंगा वाजला, सगळे त्या मशीनच्या समुद्राकडे पळाले. मी टेकडी चढलो. दार उघडलं. छोटी खोली, एक खाट, पांढरी चादर, एक खुर्ची. खिडकीतून खाली सगळं दिसत होतं. लाटा, दादा, नातवंडं. मी नुसता बघायला आलो होतो. पण दार लोटलं आणि समोर ती कडी दिसली. चांगली जाड, स्टीलची. मी लावली. खाटेवर बसायचं धाडस झालं नाही, खुर्चीवर बसलो.

थोड्या वेळाने पावलं वाजली. थांबत थांबत, कुणीतरी गुडघ्यांना जपत चढत होतं. दार वाजलं.

"कोण आहे आत?" वहिनींचा आवाज.

खुर्ची करकरू नये म्हणून मी अंग सावरून बसलो.

"बाहेर कुलूप नाही. आत कुणीतरी आहे, मला कळतंय." पुन्हा वाजलं. "अहो, उघडा ना. रात्रभर डोळा नाही लागला. पाच मिनिटं टेकते फक्त."

आवाज खरंच दमलेला होता. आत्या असत्या तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. कदाचित उघडलंही असतं. पण त्यांना ते ठरवायला मिळालं नव्हतं, आणि त्यांच्या वतीने दयाळू व्हायचा मला कुणी अधिकार दिला नव्हता. माझं हे वय, हे पोट. मी श्वास रोखला, आणि दाराखालच्या फटीतून सावली दिसू नये म्हणून दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसून राहिलो.