ऐंशी ते चौऱ्याण्णव

त्यांना काहीही विचारा, ते आधी दोन्ही तळवे समोरासमोर धरायचे, कापडवाला पन्हा दाखवतो तसे. मग त्या दोन तळव्यांमधल्या हवेकडे पाहत म्हणायचे, "मधात कुठंतरी."

ते आमच्या अमडापूरचे कृषी सहायक. आमच्या शेजारच्याच घरात भाड्याने राहायचे आणि सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. सरळ उत्तर द्यायचा ज्याला त्रास होतो असा एक माणूस तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर तुमचं नशीब थोर.

"साहेब, चिखलीची गाडी कितीला येते?"

"नऊ वाजून दहा ते साडेनऊच्या मधात. शंभरातल्या पंचाण्णव वेळा."

"आणि राहिलेल्या पाच वेळा?"

"पाच वेळा मी चूक. ते आधीच सांगून राह्यलो ना, सर."

एकदा आमच्या सौभाग्यवतींनी वांग्याची भाजी चाखायला दिली आणि मीठ बरोबर आहे का विचारलं. साहेबांनी चमचा तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. "वहिनी, हा वरवरचा चमचा हाये. तळापासून हलवून द्या, मंग सांगतो." त्या दिवशी ही मला म्हणाली, "यायच्या बायकोनं संसार कसा केला असंल हो?"

पण उन्हाळा संपत आला की गावाला त्यांच्याशिवाय गत्यंतर नसायचं. घरचं सोयाबीन पेरायचं तर ते उगवतं की नाही हे आधी पाहावं लागतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, आठवडाभर पाणी शिंपडायचं आणि मग उघडून मोड आलेले मोजायचे. सत्तर निघाले तर तुम्हीआम्ही सत्तर टक्के म्हणून मोकळे होऊ. साहेब म्हणायचे, "सत्तर ह्या शंभरातले. तुमच्या सगळ्या पोत्यातले एकसष्ट ते एकोणऐंशीच्या मधात."

"मग पेरू का नको?"

"मी दाणे मोजतो, भाऊ. पेरणं तुमचं."

डोकं धरून बसावं की त्यांचं डोकं धरावं, कळायचं नाही.

एका वर्षी आमचं बी संशयाचं होतं. आदल्या हंगामात काढणीला ते भिजलं होतं. शेती माझे थोरले भाऊ, दादा, करतात. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि वावरात फक्त हुरडा खायला जातो. घरात दुसरं बी नव्हतं. हे उगवलं नाही तर हंगाम गेला. साहेब माझे शेजारी म्हणून चाचणीचं काम दादांनी माझ्यावर टाकलं.

साहेबांनी मला तीनदा बजावलं. "प्रत्येक पोत्यातून घ्या. वरून, मधून, तळातून. सगळं मिसळा, अन् डोळे मिटून शंभर मोजा."

अकरा पोती एकावर एक रचलेली होती आणि माझी कंबर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारी. सगळ्यात वरच्या पोत्यातून तांब्याभर घेतलं आणि शंभर दाणे मोजायला हिच्या हातात दिलं. तिला दोन तास लागले. मला वाटलं, मोजणं कच्चं असेल.

सत्त्याऐंशी उगवले. साहेबांनी तळवे धरले. "ऐंशी ते चौऱ्याण्णव." दादांनी खुशीत अर्धं रान पेरून टाकलं.

आठ दिवसांनी वावरातले पेरणीचे तास पाहवत नव्हते. दर दुसरा दाणा मातीतच राहिला होता. चहाच्या हॉटेलात दादांनी साहेबांना चारचौघांत गाठलं. "काय साहेब, हेच का तुमचं ऐंशी ते चौऱ्याण्णव? का वावरात आलं की बदलते?" सगळे हसले.

साहेबांनी कप खाली ठेवला. "पाच वेळा चुकतो म्हणत असतो ना मी. हे त्या पाचातलं असंल."

लोकांना एवढं पुरलं. साहेबांच्या ओसरीवर नावाच्या चिठ्ठ्या लावून गोणपाटाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असायच्या. एकेक जण येऊन आपापली घेऊन गेला. चौथ्या दिवशी ओसरीवर पाण्याचा झारा तेवढा उरला.

त्या संध्याकाळी ही तूरडाळ निवडत होती. मी सहज म्हणालो, "शंभरातले सत्त्याऐंशी उगवले कसे मग?"

"निवडले होते ना मी," ती म्हणाली. "साहेबाच्या घरी सुरकुतलेले, फुटके दाणे धाडू? लोकं काय म्हणतील, यायच्या घरी असंच खातात?"

खरं होतं. आमच्या घरातून कोणाकडे पापड गेला तरी तुटका जात नाही. एकाचं कंबरदुखणं आणि एकीची रीतभात, दोन्ही त्या शंभर दाण्यांत गेली होती.

तसाच साहेबांकडे गेलो आणि सांगितलं. वाटलं, सुटकेचा श्वास सोडतील. ते भडकले. "म्हणजे त्या पाचातलं नव्हतंच हे? मी तीन रात्री हिशोब तपासून राह्यलो अन् तुम्ही आता सांगता? निवडलेल्या दाण्याचं मी बरोबर सांगितलं व्हतं. पोत्याचं मले विचारलंच कोणी?"

मी निघताना म्हणाले, "वहिनीले बोलू नका. पोत्याजवळ मीच याले पाह्यजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलात मी सगळ्यांसमोर कबूल केलं. दादा एवढंच म्हणाले, "घरात शिकलेला माणूस असला की बाहेरचा दुश्मन लागत नाही."

साहेब बाह्या सरसावून आले. अकराही पोती खाली घेतली, प्रत्येकात काखेपर्यंत हात घातला आणि या वेळी चारशे दाणे मांडले.

"साहेब, वावराची ओल चालली," दादा ओरडले. "अजून आठ दिवस?"

"शंभरात हे दोन तळवे लई लांब राह्यतात, दादा. चारशे घेतले की जवळ येतात."

आठ दिवस दादा माझ्याशीही बोलले नाहीत आणि साहेबांशीही. मग मोजले, दोनशे वीस निघाले. "पन्नास ते साठ," साहेब म्हणाले. कोणी हसलं नाही. दादांनी त्या हिशोबानं बियाणं वाढवून उरलेलं रान पेरलं. ते भरून आलं.

हिवाळ्यात साहेबांची नांदुऱ्याकडे बदली झाली. शेजारच्या घराला अजून कुलूप आहे. नवे साहेब फोनवरच एक आकडा सांगतात. "ऐंशी!" लोक खूश आहेत. मीही असायला हवं.

यंदा दादांनी तो एक आकडा ऐकला, बरं म्हणाले, आणि सरळ आमच्या अंगणात येऊन ओलं गोणपाट पसरलं. ही मोजायला बसली. तिसऱ्या शंभरात एक काळपट, सुरकुतलेला दाणा तिच्या बोटांत आला. तिने दादांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या कुलपाकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून तिने तो ओळीत ठेवला.