हार अडकवायला जागा नसलेली गाडी

सगळ्यांच्या आधी आली माझी विचुंब्याची नणंद. तिला बातमी कुठून लागते कोण जाणे. मागून लेक सुनंदा आणि जावई आले, बॅटरीवरची नवी पिकअप घेऊन. दोघं उरणहून मासळी आणतात.

नणंद म्हणाली, "वैनी, ही गाडी हाय का पत्र्याची पेटी?"

मी हार घेऊन पुढे गेले, तर अडकवायला ना जाळी, ना आरसे; आरशांच्या जागी बारके कॅमेरे. वर कळलं, अजून घेतलेलीच नाही, नुसती चालवून बघायला आणलीय. मग हार जावयांच्याच गळ्यात घातला. ते लाजले.

सुनंदा मात्र अडून बसलेली. "वाटंत बंद परली तर कोन दुरुस्त करनार?"

"कंपनीचा मानूस येतो ना," जावई म्हणाले.

"तवर बर्फ थांबल का?"

मग दोघं खाडीपर्यंत फेरी मारून आली, तर ही हसतेय.

"आये, जुन्या गारीच्या आवाजात यांचं बोलनं कदी ऐकूच नाय आलं. आज ऐकलं."

"काय बोलले गो?"

सांगतच नाही बाई.

आता घ्यायची म्हणते, पण पनवेलीत दुरुस्त होत असेल तरच. कुणाकडे आहे का अशी गाडी? लवकर लिहा, दोघं रविवारी परत येतो म्हणालीत.