बाकिसिओकाकांची नवी सुरी

बाकिसिओकाकांची जुनी सुरी गेल्या जानेवारीत एका रानडुकराच्या खुब्यात मोडली. मोडणारच होती. चाळीस वर्षं धार लावून लावून तिचं पातं करंगळीएवढं उरलं होतं. पण काकांनी घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड केलं आणि दोन रविवार कुणाशी बोलले नाहीत.

आमची शिकारीची टोळी दहा जणांची. सार्डिनियाच्या या डोंगरात गोळी कुणाचीही लागो, मांस सगळ्यांत सारखं वाटलं जातं. कापायचं आणि वाटे घालायचं काम काकांचं. वाटे घातले की म्होरक्या म्हणून मी पाठ फिरवून उभा राहतो. काका एकेका वाट्यावर सुरीचं टोक धरून विचारतात, "हा कोणाचा?" मी न बघता एकेक नाव घेतो. मग कुणाच्या वाट्यात हाडं जास्त आली तरी शिव्या द्यायला माणूस सापडत नाही. काका डॉक्टरचं ऐकत नाहीत, पाद्र्याचं ऐकत नाहीत, पण त्या घटकेपुरते ते आमचे न्यायाधीश असतात. दुसरं काही त्यांनी आयुष्यात मिरवलं नाही.

नवी सुरी मीच आणली, नुओरो शहरातल्या लोहाराकडून. आखूड, रुंद, जड पातं आणि मेंढ्याच्या शिंगाची मूठ. काकांनी ती तळहातावर तोलून पाहिली.

"प्रेदू, ही सुरी आहे की कुऱ्हाडीचं पोर?"

एवढं बोलून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवली आणि पुढे तिला हात लावला नाही. मला राग आला. अख्खा दिवस घालवून आणली होती मी.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मोसमातलं पहिलं डुक्कर पडलं. काकांनी जुन्या सवयीने मूठ घट्ट धरून दाब दिला आणि ते जड टोक कातडीतून थेट आतड्यात गेलं. अर्धं मांस घाणीने नासलं.  मग टोळीतला तिशीचा गाविनो म्हणाला, "काका, तुम्ही आता निवांत बसा. कापायचं मी बघतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला काकांचा चेहरा बघवेना.

"पुढचा रविवार त्यांचा," मी म्हणालो. "मग ठरवू."

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर काकांनी आपणहून काम सोडावं, असं समजवायलाच गेलो होतो. स्वयंपाकघरात त्यांची बायको, मिंतोनियाकाकी, कोंबडी साफ करत होती. हातात तीच सुरी. मूठ तळहातात मागे सरकलेली, तर्जनी पात्याच्या पाठीवर पार पुढे. बघता बघता आतडी अखंड बाहेर आली. काका शेजारी स्टुलावर बसून टक लावून बघत होते.

"फेब्रुवारीपासून वापरतेय मी," काकी म्हणाली. "भोपळे, कोंबड्या, ईस्टरचं कोकरू. खिळ्याला टांगून ठेवायला ती काय जपमाळ आहे?"

"मग मला सांगितलं नाहीस ते," काका पुटपुटले.

"तुम्ही विचारलंत कधी? जुनीला दाबावं लागायचं, झिजली होती बिचारी. हिचं वजनच कापतं. तुम्ही तिला फक्त आवरा. मूठ सोडा, पुढे धरा. अहो, अजून पुढे." तिने त्यांचं बोट उचलून पात्यावर ठेवलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस कान पाडून शिकत होता. "आणि प्रेदू, यांच्या सरावात माझ्या कोंबड्या संपत आल्या. उद्यापासून कापायला त्या गाविनोलाच धरून आण."

मी भाकरी आणि चीज खाल्लं आणि जे बोलायला आलो होतो ते न बोलताच परतलो.

रविवारी डुक्कर पडलं ते गाविनोच्याच गोळीने. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बोट पुढे सरकवलं.  सुरी हलकेच सरकत गेली आणि आतडी जशीच्या तशी बाहेर आली. गाविनो वाकून बघत होता.

"सुरी अशी धरायला कुठे शिकलात, काका?" त्याने विचारलं. काकांनी पातं गवतावर पुसलं.

ओकच्या फांद्यांवर वाटे पडले. मी पाठ फिरवली. काका विचारत गेले, मी नावं घेत गेलो. दहावं नाव घेऊन मी वळणार, तोच मागून पुन्हा आलं, "हा कोणाचा?"

"काका, दहा झाले. मोजायला विसरलात का?"

"वळू नकोस. अकरा घातलेत."

मागे कुजबुज सुरू झाली. रानात न आलेल्या माणसाला टोळीने कधी वाटा दिलेला नाही, बाईला तर नाहीच. अकरावा वाटा म्हणजे प्रत्येकाचं थोडं कमी, आणि म्होरक्याने नाव घेतलं नाही तर तो वाटा मोडून पुन्हा दहांत जाणार.

"गाविनोने विचारलं ना, कुठे शिकलो," काका म्हणाले.  "घरी शिकलो. आज तिचाच हात चालला. प्रेदू, हा कोणाचा?"

मी डोंगराकडे तोंड ठेवूनच मिंतोनियाकाकीचं नाव घेतलं, आणि आधीच्या दहाही नावांपेक्षा मोठ्याने घेतलं.