प्रफुलच्या ओट्यावरचा नारळ

नाचणगावात रीताबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पुलगावच्या दवाखान्यात आया म्हणून अर्धं आयुष्य काढलेली बाई. निम्म्या गावाला तिनं जन्मताच उलटं धरून पाठीत थापटलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याची गुपितं तिच्या पदराला बांधलेली होती. रविवारी ती पांढरी साडी नेसून चर्चला निघाली की पारावरचे पत्ते आपोआप मांडीखाली जात.

तिचा एकुलता एक प्रफुल कारगिलच्या लढाईत कामी आला. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा सारं गाव रडलं. रीताबाईनं मात्र कबरीवर मूठभर माती टाकली आणि पाळकसाहेबांना सांगितलं, "माहं लेकरू प्रभूच्या हाती हाये. त्याच्या वाटचं जगणं राह्यलं, थे आता आपण चांगलं जगाचं. बस!"

बोलल्याप्रमाणे ती वागलीही. बाळंतिणींना डिंकाचे लाडू, नाताळला साऱ्या गल्लीला करंज्या. फक्त एका घरी करंज्या जात नसत. सून मंजुषा वर्ष-दीड वर्षानं दुसरं लग्न करून देवळीला गेली होती, आणि तो विषय रीताबाईपुढे काढायची छाती खुद्द पाळकसाहेबांनाही नव्हती.

प्रफुलची कबर पुलगावला. ख्रिस्ती कबरस्तानात पाऊल टाकायची गावकऱ्यांना जरा धास्तीच. म्हणून शेजारच्या तानबानं गावाच्या वळणावर, निंबाखाली, स्वतःच्या हातानं ओटा बांधला आणि प्रफुलचं नाव कोरलेला दगड रोवला. पोरगं लहानपणी त्याच्याच बैलबंडीवर वाढलेलं. रीताबाई दर रविवारी त्या ओट्यावर झेंडूची फुलं ठेवी, डोळे मिटून प्रार्थना करी.

घोटाळा केला तो रुख्माबाईनं. तिचा निकेश बारावीत दोनदा आपटलेला. तिसऱ्या खेपेला तिनं गुपचूप ओट्यावर नारळ कबूल केला, आणि पोरगा चक्क पास! झालं. 'शहीदबाबा पावते' ही बातमी बसच्याही आधी देवळीला पोचली. उदबत्त्या आल्या, लिंबं आली, एक जण दम्यासाठी येऊन तासभर ओट्यावर खोकत बसला. वळणावर नारळाचं दुकान कोणी टाकायचं यावरून दोघांची हमरीतुमरीही झाली.

एका रविवारी रीताबाई चर्चमधून परतली, तर दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर. लेकाचं नाव त्याखाली पार बुजून गेलेलं. नावच गेलं तर पोराचं मागे राहिलं काय?

"रुख्मे!" ओट्यापाशी उदबत्ती लावत असलेल्या रुख्माबाईला तिनं आवाज दिला. "अवं, प्रफुल सवता गणितात नापास झालता! थो काय पास करीन तुह्या निकेशले?"

"वर गेल्यावर हुशारी येत असन, बाई," रुख्माबाई शांतपणे म्हणाली.

रीताबाई घरातून घासलेट आणि चिंधी घेऊन आली. पहिला हात फिरवणार, तोच समोरून तानबा. धुतलेलं धोतर, हातात नारळ, चेहरा फुललेला.

"वैनी, गाय याली! कालवड झाली. आपल्या पोरानं ऐकलं माहं!"

चिंधी हातातच राहिली. ओटा बांधणाऱ्या माणसाला दुखवायचं कसं? तिनं मनात म्हटलं, प्रभू, आज शब्द दे, पण जरा मऊ दे.

"तानबाभाऊ, शेंदूर कोणं लावला?"

"मीच. उघडा दगड बरा दिसते काय? पोराले देव केला, त्यात काय वाईट?"

"देव असता तर त्याले गोळीचं कायचं भेव? माहा प्रफुल झुरळ पाह्यलं तरी पलंगावर चढे. असा भेकड पोरगा त्या पहाडावर चढला, भाऊ. त्याले देव केला, तर त्यानं काय मोठं केलं?"

तानबा नारळाकडे बघत राहिला. "मंग याचं काय करू?"

"आमचा येशू म्हंते, दान घेऊन आला अन् भावाचं भांडण आठवलं, तर दान ठेव बाजूले, पह्यले भावाकडे जा. तुमचं बापूजीसंगं कसं काय चालू हाये?"

तानबाचं तोंड उतरलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, दोघा भावांचा अबोला इतका जुना होता, की त्यांचे बैलही एकमेकांकडे बघत नसत.

"माहा पोरगा देशाच्या धुऱ्यावर मेला. अन् तुमी हातभर धुऱ्यासाठी पुतणीच्या लग्नाले गेले नाई!"

तानबानं डोकं खाजवलं. मग डोळा बारीक करून म्हणाला, "जातो. पण तुमी येथी दर रविवारी फुलं आणता, वैनी. तुमचा धुरा कोठी हाये? देवळीले?"

रुख्माबाईनं आनंदानं पदर तोंडात कोंबला. रीताबाईला कोणी तोंडावर सुनावतंय, हा देखावा गावात पहिल्यांदाच घडत होता.

रीताबाईनं चर्चला जाताना ठेवलेली फुलं ओट्यावरून उचलून पिशवीत टाकली. "मी निंगाली. पण पह्यले तुमी निंगा. मी पाहून राह्यली."

देवळीत मंजुषानं दार उघडलं. कडेवर गुटगुटीत पोर. ती म्हणाली, "आई, बस तर अर्ध्या घंट्यात येते. तुमाले काऊन इतके वर्ष लागले?"

"रस्ता खराब होता वं," रीताबाई म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. पोर मांडीवर येताच सवयीनं रीताबाईनं त्याच्या पाठीत थापटलं. "तू चांगली जगून राह्यली. प्रफुलले थेच पाह्यजे होतं. मलेच उशिरा समजलं, माय. नाताळले करंज्या घेऊन येईन."

सांज व्हायच्या आत ती वळणावर उतरली. ओट्यावर तानबा आणि बापूजी दोघंही घासलेट लावून दगड घासत होते, आणि कसा घासावा यावरून भांडत होते.

"असा उभा घास ना बे!"

"तू शिकवू नको मले!"

नारळ बापूजीच्या अंगणात फुटला होता. रीताबाईसाठी ठेवलेला तुकडा तानबानं खिशातून काढून दिला. दगडावर प्रफुलचं नाव पुन्हा लख्ख दिसत होतं. फक्त अक्षरांच्या खाचांत थोडा शेंदूर काही केल्या निघत नव्हता. बापूजी त्यासाठी खिळा शोधायला निघाला.

"राहू द्या," खोबरं चावत रीताबाई म्हणाली. "लहानपणी तरी त्यानं कुठी कधी पुरं तोंड धुतलं होतं?"