सासूबाईंनी सांगितलेला शेवट

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्मी परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारण्यात गेली, असं मला कधीकधी वाटतं. त्यात माझी नजर बिघडली ती बिघडलीच. कुणी फार वेळ मान खाली घालून बसलं की त्याच्या मांडीवर काय आहे ते मला बघावंसं वाटतं. भाजीवाला नेहमीपेक्षा गोड बोलला की घरी येऊन मी पिशवीतले टोमॅटो एकेक करून तपासते. नवरा म्हणतो, "तुला देवाने स्वतःच्या हाताने प्रसाद दिला तरी तू हुंगून बघशील." बघेनच. हुंगायला काय जातं?

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या या स्वभावामुळे झालं.

आम्ही हडपसरला राहतो. सासूबाई कसबा पेठेत, दोन खोल्यांच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. वय ब्याऐंशी. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली. "अर्ध्या पुण्याचे नंबर माझ्या डोक्यात होते आणि अर्ध्या पुण्याची भांडणं कानात," असं त्या म्हणायच्या. स्मरणशक्तीचा त्यांना फार अभिमान. त्यांना आमच्याकडे आणायचा धोशा नवऱ्याने दोन वर्षं लावला होता. त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथे. घोटाळा झालाय असं दाखवून द्या, त्या दिवशी पिशवी भरून मीच येईन."

त्यानंतर ती मालिका सुरू झाली. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरची, शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातली. एका वैद्यांचं मोठं घर, त्या घरातल्या सोन्याच्या पाटल्या नाहीशा होतात आणि सगळ्यांचा संशय मधल्या सुनेवर येतो. रोज संध्याकाळी सात वाजता. सासूबाईंचा टीव्ही मोठा, म्हणून इमारतीतल्या तीन-चार बायका त्यांच्याकडे बघायला येत. मी मंगळवारी आणि शनिवारी तिकडे जायची, तेव्हा मीही बसायची.

बघणं कसलं, ती चौकशी समितीच होती. "चूल पेटलीय, मग धूर कुठाय?" "वैद्याच्या सुनेच्या अंगावर एवढं सोनं? हा औषधं देतो की गहाण घेतो?" "हिची नथ बघा, परवाच्या भागात डाव्या नाकपुडीत नव्हती का?" मालिका लांबवण्यासाठी पाटल्या मुद्दाम सापडू देत नाहीत, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. एकही भाग मात्र कुणी चुकवत नव्हतं.

अशाच एका शनिवारी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सापडतात पाटल्या. देवघरातच असतात. सगळे तिची माफी मागतात. पण ती राहत नाही, मुलीला घेऊन घर सोडून जाते."

शेवट फोडला म्हणून बायका आधी नाराज झाल्या. मग एकीने विचारलं, "पण सापडल्या ना? मग जाते कशाला?"

"सापडल्या म्हणून काय झालं? सापडेपर्यंत कुणी विश्वास ठेवला होता का तिच्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं. आमचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. जाता-येता बसमध्ये दीड-दीड तास जातो, त्यात तो फोनवर पुस्तकं ऐकतो. तो म्हणाला, "नाही गं आई. मी पूर्ण बुक ऐकलंय. ती कुठेच जात नाही. एंडला सगळे सॉरी म्हणतात, ती तुळशीपाशी दिवा लावते आणि फुल फॅमिली हॅपी." लगेच त्याने आजीला फोन लावून तेच सांगितलं.

आजी म्हणाल्या, "मग तुझ्या फोनला कुणीतरी खोटं सांगितलंय. मी वाचलंय ते. मला शेवटचं वाक्यसुद्धा आठवतंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मी कादंबरीची नवी प्रत विकत आणली. तिच्या कव्हरवर आता मालिकेतल्या नटीचा फोटो होता. शेवटचं प्रकरण काढलं. दिवा, तुळस, माफी, सगळं मुलाने सांगितलं तसंच. पुस्तक मी सासूबाईंसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "शेवट बदललाय यांनी. मालिकेसाठी पुस्तकही बदलून छापलं. आजकाल काय वाटेल ते करतात."

हा मुद्दा मला पटण्यासारखा होता. आजकाल काय वाटेल ते करतात, यावर माझाही विश्वास आहे. म्हणून मी वाचनालयात जाऊन पहिली आवृत्ती मागितली. पानं पिवळी पडलेली, कडेला कुणीतरी पेन्सिलने 'रडकं' असं लिहून ठेवलेलं. शेवट तोच, शब्दाला शब्द. आता कॉपी पकडल्यासारखी माझी खात्री झाली. पुस्तक खोटं नव्हतं. खोटी पडली होती ती सासूबाईंची आठवण.

घरात सगळीकडे शोधाशोधही केली. "माझ्याकडे असेल कुठेतरी," असं त्या म्हणत होत्या. त्यांचं पुस्तकांचं कपाट मी अख्खं रिकामं केलं. कादंबरी नव्हती. "मग मैत्रिणीकडून आणली असेल," त्या म्हणाल्या. मैत्रीण कोण, ते आठवेना. मी नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने माझ्याकडे.

त्या दिवसापासून मी सासूबाईंकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. माझ्या पर्समध्ये एक छोटी वही होती, तिच्यात मी लिहायला लागले. मंगळवारी भाचीच्या लग्नाची गोष्ट दोनदा सांगितली. शनिवारी चष्मा फ्रिजवर सापडला. कामवालीला आदल्या कामवालीच्या नावाने हाक मारली. मी स्वतः आठवड्यातून तीनदा चष्मा शोधते, पण माझी वही कुणी ठेवत नव्हतं. सासूबाईंना मी ती दाखवली नाही, पण एकेक गोष्ट बोलून दाखवली. "आई, हे तुम्ही मघाशी सांगितलंत." "आई, आज तारीख अकरा, बारा नाही." आधी त्या उलट बोलायच्या. मग गप्प व्हायला लागल्या. मला तेव्हा त्यांचं गप्प होणंही वहीत लिहिण्यासारखं वाटलं.

नवऱ्याने डॉक्टर गाठले. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार. तुमच्या मागच्या कॅलेंडरवर अजून बुधवार आहे, तेवढं पान फाडा."

डॉक्टर हसले. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, तर सासूबाई थेट दोनावर येऊन थांबल्या. वयाच्या मानाने उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. तिथेच उठायला हवं होतं. पण नवऱ्याने कादंबरीची गोष्ट काढली आणि मी पहिल्या आवृत्तीची साक्ष काढली. डॉक्टर जरा गंभीर झाले. न घडलेल्या गोष्टी काहींना अगदी पक्क्या आठवतात, म्हणाले. लक्ष असू द्या, शक्यतो एकटं ठेवू नका.

सासूबाई सगळं ऐकत होत्या.

मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा खोली भरली होती. पाटल्या देवघरात सापडल्या. सासऱ्यापासून धाकट्या जावेपर्यंत सगळे हात जोडून उभे राहिले. सुनेने डोळे पुसून तुळशीपाशी दिवा लावला. बायकांनी पदराने नाकं पुसली. इतके दिवस धुराची चौकशी करणारी म्हणाली, "शेवट मात्र छान केला हो." सासूबाईंनी टीव्ही बंद केला. सगळ्या गेल्यावर त्यांनी माझ्याकडून कादंबरीची नवी प्रत मागून घेतली आणि शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "मला दिसतेय ती मुलीला घेऊन जाताना. पण इथे नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच माझ्या नवऱ्याला फोन केला. "मी बोलले होते तसं करते. घेऊन चल मला." नवऱ्याने फोन ठेवला आणि डोळे पुसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? आता दर मंगळवार-शनिवारची धावपळ संपणार होती.

सामान हलवायचं ठरलं त्या दिवशी मी माळ्यावर चढले. वर जुन्या साडीच्या पट्टीने बांधलेले चार गठ्ठे होते. खालून नवरा म्हणाला, "रद्दी आहे, तशीच टाक खाली." पण रद्दीसुद्धा न उघडता देणारी मी नव्हे. पूर्वी एका रद्दीत माझी पदवीची गुणपत्रिका गेली आहे, तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे. तिसऱ्या गठ्ठ्यात एक दिवाळी अंक होता. कव्हर गेलेलं, पहिली दोन पानं गेलेली, वर चहाचे गोल डाग. मी चाळला आणि मधल्या एका पानावर माझी नजर थांबली. वैद्यांचं घर. देवघर. पाटल्या.

मी ट्रंकेवर बसून वाचलं. तीच गोष्ट, पण आखूड, चाळीसेक पानांची. शेवटी पाटल्या सापडतात, सगळे माफी मागतात आणि मधली सून मुलीचं बोट धरून उंबरा ओलांडते. कुणी मागून हाक मारतं, ती वळत नाही. तिथेच संपतं.

दिवाळी अंकात आधी छापून येतं आणि पुढे वाढवून पुस्तक होतं, हे मराठी वाचणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. एक्स्चेंजमधल्या बायका दर दिवाळीला एकेक अंक विकत घेऊन आपसात फिरवत, हेही सासूबाईंनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. आणि मी कपाटात शोधत बसले होते बांधणीचं पुस्तक! त्यांनाही वाचलेलं आठवत होतं, कशात वाचलं ते आठवत नव्हतं. लेखकाने शेवट का बदलला, ते आता कळायचा मार्ग नाही, ते कधीच गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खाली उतरून मी अंक सासूबाईंच्या हातात दिला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, गादी आधीच टेम्पोत गेली होती. त्यांनी शेवटचं पान वाचलं, मग आधीचं, मग पुन्हा शेवटचं.

"हां," त्या म्हणाल्या. "हेच."

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमचं सगळं बरोबर होतं. मी सामान परत वर आणून लावते. तुम्ही इथेच राहा."

नवराही वाचून झाल्यावर खाली बसला होता. "खरंच आई. मी टेम्पो परत पाठवतो. तुला कुठे जायची गरज नाही."

मला वाटलं होतं, आता त्या आम्हा दोघांना फाडून खातील. त्यांचा तो हक्कच होता, आणि मला ते हवंही होतं. पण त्यांनी अंक मिटून बाजूला ठेवला.

"पाठवू नकोस," त्या म्हणाल्या.

"अगं, पण आता सिद्ध झालं ना?"

"हे एक सिद्ध झालं. बाकीचं कोण सिद्ध करणार?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तू चुकलीस म्हणतेस ते खरं असेल. पण दीड महिना तुम्ही सांगत होतात आणि मी रोज स्वतःला तपासत होते. दूध तापत ठेवलं की तिथेच उभी राहते, विसरेन म्हणून. कामवाली यायच्या आधी तिचं नाव मनात घोकते. पूर्वी मी असलं काही करत नव्हते गं. आता एकटीने राहायची मला भीती वाटते."

मला रडू आलं. त्यांनी पदर पुढे केला नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. रडू खरं आहे की नाही ते बघावं, तशा त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठून चपला घातल्या.

नवरा खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेला. मी दिवे आणि नळ बघून बाहेर आले, मग सासूबाईंनी दाराला कुलूप घातलं. इतकी वर्षं त्यांनी ते एकटीने लावलं होतं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, जिना उतरायला लागल्या, तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "लागलंय का बघ गं जरा. मी बघितलंय, पण तू बघ."

मी ओढून बघितलं. लागलेलं होतं.