कौलांवर न गेलेला दात

मी नोकरीसाठी मुंबईला निघाले त्या सकाळी आई रडली आणि आबा, म्हणजे माझे वडील, चिडले. एसटी फाट्यावर यायची वेळ झाली तरी ते अंगणातून हलेनात. मी पाया पडले, तेव्हा आशीर्वाद द्यायचं सोडून त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. "तुजे सगळे दात हयच आसत गो, ह्या कौलार. खंय जातलंस तू?"

बाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, मुलाचा दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून कौलांवर भिरकावतात. उंदीरमामाने तो न्यावा आणि बदल्यात स्वतःच्या दातासारखा मजबूत दात द्यावा, अशी मागणी करायची. माझे, दादाचे, खुद्द आबांचेही दात त्याच छपरावर गेले. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. जे निघून गेलेत, त्यांना वाटेल.

पुढे सगळं दहिसरलाच झालं. नोकरी, लग्न, सईचा जन्म. घर सातव्या मजल्यावर. सईचा पहिला दात पडला तेव्हा तो हातात घेऊन मी खुळ्यासारखी गॅलरीत उभी राहिले. डोक्यावर छप्पर नव्हतंच, आठव्या मजल्यावरच्यांची फरशी होती. नवरा म्हणाला, "अगं, डस्टबिनमध्ये टाक ना, त्यात काय एवढं!" त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही. दात कापसात गुंडाळून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि मे महिन्यात गावी नेला. आबांनी तो कौलांवर टाकला. मग तो पायंडाच पडला. सुट्टीत सई अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या डबी आजोबांच्या हातात द्यायची, आणि मला वाटायचं, चला, हीसुद्धा इथलीच झाली. खरं तर हे समाधान तिचं नव्हतं, माझं होतं. मलाच तिथलं राहायचं होतं.

सई दहा वर्षांची असताना आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आई तोवर गेली होती, म्हणून मीच हट्ट धरला. दहिसर त्यांना मुळीच मानवलं नाही. लिफ्टमध्ये ते भिंत धरून उभे राहायचे. पिशवीतल्या दुधावर तर रोजचा राग. "ह्याका दूध म्हनतत?" संध्याकाळी मात्र काळा चष्मा लावून खालच्या बाकावर बसायचे आणि सईची सायकल बघायचे.

अशाच एका संध्याकाळी ती सायकलवरून तोंडावर आपटली. मी बाजूलाच होते. वरचा पुढचा दात गायब, तिथे नुसती रक्ताने भरलेली खाच. ओढणीचा बोळा करून तिला दातांत धरायला लावला आणि तशीच रिक्षात घालून नदीच्या पुलापलीकडच्या दवाखान्यात नेलं. आबा मागे राहिले, हे रिक्षा सुटल्यावर लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात डोकावून पहिलाच प्रश्न विचारला, "दात कुठंय?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या भडकल्याच. "अहो, हा दुधाचा नाही, कायमचा आहे. मुळासकट बाहेर आलाय. दुधाचा परत बसवत नाहीत, पण हा अर्ध्या तासात मिळाला तर बसेल. कोरडा राहिला की मूळ मरतं. फोन करा आधी!"

मी आबांना फोन लावला. ते अगदी निवांत होते. "दात? माज्याकडे आसा मा. नव्या डोळ्यान शोधून काढलंय. कापसात गुंडाळून ठेवलंय. मे म्हयन्यात नेवन कौलार टाकतलंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आजोबा, तुम्ही दात धुतलात? घासलात?"

"छे. आमच्यात दात धुवचो नसता. जसो पडलो तसोच द्येवचो."

"झकास! आता ऐका. मुळाला बोट लावू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा. घरात थंड दूध असेल त्यात टाका, नाहीतर दात मरेल, आणि पुलापलीकडच्या दवाखान्यात ताबडतोब कुणाबरोबर तरी पाठवा."

पाठवणार कुणाबरोबर? नवरा अंधेरीला ऑफिसात. आणि आबा मुंबईत एकटे कधी फाटकाबाहेरही पडले नव्हते. मी दवाखान्याच्या दारात उभी राहिले. आत सई हुंदके देत होती. आबा हरवले तर काय, आणि दात वाळला तर जन्मभर तिच्या हसण्यात खाच.

मग एक रिक्षा थांबली. काळा चष्मा, पायजमा, पायात एक चप्पल माझी आणि एक त्यांची. दोन्ही हातांनी स्टीलचा पेला छातीशी धरलेला, वर तळहात झाकलेला, सदऱ्यावर दुधाचे ओघळ. "धर," ते म्हणाले. "दात मेलो नाय मा?"

दात बसला. शेजारच्या दातांना तारेने बांधला. बाई म्हणाल्या की टिकेलच असं नाही, मधली नसही काढावी लागेल, वाट बघायची. आमचा धीर सुटू नये म्हणून की काय, काम करता करता त्या बोलत राहिल्या. दाताचा टवका उडाला किंवा दातात भरलेलं सिमेंट निघालं आणि दुखत नसेल, तर उद्यावर ढकललं तरी चालतं. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर नाही. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर रात्र काढायची नाही, सरळ हॉस्पिटल. आबा खाली बघत होते. त्यांचा गाल एकदा असाच सुजला होता. आईने मिठाच्या पुरचुंडीने शेकलं होतं आणि सगळे आठवडी बाजाराला येणाऱ्या डॉक्टरची वाट बघत बसले होते. "शेकायचं तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि आम्ही बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं.

आता आबा नाहीत. दादाने घरावर स्लॅब टाकला, आणि बरोबरच केलं, दरवर्षी माकडांनी फोडलेली कौलं किती बदलायची? तरी कौलं उतरवली त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. माझे दात तिथे होते, त्या भरवशावर मी इतकी वर्षं दहिसरला निर्धास्त राहिले होते. आता गावी जाते तेव्हा अंगणात उभी राहून मान वर करते आणि वर फक्त टाकी दिसते.

सईचा तो दात अजून आहे. किंचित काळपट, हसली की दिसतो. तार काढल्यावर बाईंनी तो हलवून बघितला होता आणि म्हणाल्या होत्या, "मूळ धरलंय." मी दवाखान्याच्या पायरीवरूनच गावी फोन केला. आबांना तेच शब्द सांगितले, मूळ धरलंय म्हणून. मागे अंगणात कोंबड्या कलकलत होत्या, मला वाटलं फोन ठेवून ते तिकडे गेले.

मग म्हणाले, "मगे थंयच रवांदे, दहिसराक."