आक्काने राखलेली अर्धी बाग

आक्का गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी रडले नाही. रडले ते पुढच्या आठवड्यात, लातूरच्या शोकसभेत, आणि तेही रागाने. जी बाग वाचवताना गावाने माझ्या बहिणीला एकटं पाडलं, त्याच बागेत सभा ठेवली होती. अध्यक्ष होते अर्धी बाग तोडून काढलेल्या दुकानांतला पहिला गाळा घेणारे व्यापारी. ‘आमच्या आक्का’ म्हणत त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला... मी उठून बाहेर आले.

आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ऑफिसं आली, साहेब आले, जागांना भाव आला. त्यातच पावसाने दगा दिला. नगरपालिकेने बागेचं पाणी बंद केलं. दुष्काळात ते कुणाला वावगं वाटलं नाही. पण झाडं वाळली की जागा पडीक दाखवून तिथे गाळे काढायचे ठरलंय, हे आक्काला नगरपालिकेतल्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. तेव्हापासून ती दारोदार फिरून आंघोळीचं, धुण्याचं वाया जाणारं पाणी मागू लागली आणि ड्युटी संपली की बादल्या वाहू लागली.

लोक चिडले. माणसांना प्यायला नाही आणि ही झाडांना पाजतेय, असं तोंडावर बोलायचे. सांडपाणी मोरीत ओतायचे, पण तिला द्यायचे नाहीत. आमच्या बौद्ध वस्तीतले म्हणायचे, त्या बागेत आपल्याला धड बसू तरी कोण देत होतं? एकदा त्याच व्यापाऱ्याने तिला भर रस्त्यात अडवलं. मी सोबत होते.

“बाग काय तुमच्या समाजाची हाय का?”

आक्काने बादली खाली ठेवली. “न्हाई. माझी असती तर मीबी इकली असती. सगळ्यांची हाय, उद्या जल्माला येणाऱ्या लेकरांचीबी हाय. इकणारे तुमी कोण?”

पुढे कुऱ्हाडी आल्या. रस्त्याकडची झाडं आमच्या डोळ्यांदेखत पडली. मग आक्का उरलेल्यांतल्या एका कडुलिंबाला पाठ लावून बसली, अंगावर दवाखान्याची पांढरी साडी. गल्लीतून एकजणही बाहेर आला नाही. दारांच्या फटींतून मात्र सगळे बघत होते. दुपारी कलेक्टरची जीप आली. आक्काने त्यांना आधीच अर्ज दिला होता. त्यांनी तोड थांबवली. अर्धी बाग वाचली, अर्ध्यात गाळे उभे राहिले आणि आक्काची बदली धर्माबादला झाली. तिथे ती कित्येक वर्षं कुढत राहिली. परतली तेव्हा वाचलेल्या झाडांखाली तेव्हा दारं लावून बसलेली तीच माणसं सकाळी फिरत होती. कुणी तिला साधं ‘बसा’ म्हटलं नाही.

आक्का थोर मनाची वगैरे नव्हती. तिने कुणालाच माफ केलं नाही. त्या गाळ्यांतून तिने कधी सुईसुद्धा घेतली नाही. गुडघे धरले तरी दोऱ्याच्या रिळासाठी लांब गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालत जायची.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आक्काच्या घरी तिच्या नावाने वंदना होती तेव्हा, मेणबत्त्या कमी पडल्या. समोरच्या गाळ्यांत मिळतील की, असं म्हणत माझे यजमान चपला घालू लागले. मी त्यांना थांबवलं, पिशवी घेतली आणि भर उन्हात गंजगोलाईची वाट धरली.